डोक्यातला चुना

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मुलाचं डोकं फुटलं. आधी त्याने दुसऱ्याचं फोडलं, मग त्या माणसाच्या भावाने याचं. कारण काय, तर दुकानाच्या तोंडाशी टेम्पो लावला होता. टेम्पोवाला म्हणाला, "पाच मिनिटं थांबा की, जग बुडतंय का?" आमच्या चिरंजीवांनी लाकडी हातोडा उचलला आणि त्याच्या कपाळावर घातला. बाइंडिंगच्या दुकानात तो हातोडा पुस्तकाची पाठ गोल करायला असतो. भाऊ मागून पाना घेऊन आला.

मी मध्ये पडले. मुलाच्या मुठीतून हातोडा सुटेना म्हणून लोखंडी पट्टीने त्याच्या बोटांवर मारलं. तीनदा. सून म्हणते, पहिल्याच फटक्याला हातोडा खाली पडला होता. त्या गडबडीत तिला काय दिसणार!

दवाखान्यात सात टाके पडले. डोक्याचा स्कॅन काढला. फोटो बघणारा डॉक्टर अगदी पोरगेलासा होता. म्हणाला, "हा मार आजचा आहे. हे मात्र आजचं नाही." मेंदूच्या आत, खोलवर, दोन्ही बाजूंना सारखेच पांढरे डाग. कॅल्शियम साचलंय म्हणे. छत्तीस वर्षांच्या माणसात एवढं नसतं. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरबाईंची वेळ मिळाली ती अकरा मार्चची.

वर्षभर आम्ही म्हणत होतो की याचा स्वभाव फिरलाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शाळा माझी चौथीपर्यंत. बाकी वाचन झालं ते छापील पानांचे फर्मे शिवता शिवता. कविता, कायदे, गुरांचे रोग, जे बांधायला येईल ते मी खळ वाळेपर्यंत वाचते. इंग्रजी असेल तर शब्दकोश मांडीवर घेते, एका पानाला एक दुपार जाते. डॉक्टरकीच्या कॉलेजचे जुने अंक पुन्हा बांधायला आमच्याकडेच येतात. त्यांच्या ग्रंथपालबाईंना विचारलं, तर त्यांनी दोन गठ्ठे लगेच पाठवले.

दोन दिवसांत एवढं कळलं. हा रोग घराण्यात चालतो. बापाकडून येतो, नाहीतर आईकडून. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर क्षार बसतो. मग माणूस चिडतो, संशय घेतो, हातपाय कडक होतात, जीभ जड होते, काहींना झटके येतात. काहींना काहीच होत नाही.

"चिडतो" हा शब्द वाचला आणि पुस्तक मिटलं. हे डोळ्यांपुढे उभे राहिले.

नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. तेहतीस वर्षं संसार केला. माझी दोन्ही मनगटं धरून मला भिंतीशी दाबून ठेवायचे, मी दमेपर्यंत. हिरवेनिळे वळ उठायचे. लांब बाह्यांची पोलकी मी हौसेने घातली नाहीत. आणि तरी दुपारी चहा टाकताना हात दुसऱ्या कपाकडे जातोच. राग आणि आठवण एकाच वेळी येतात, त्याला मी काय करू?

म्हणजे त्यांच्याही डोक्यात हेच होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल चहाची किटली घासत होते. तळाला पांढरा थर. व्हिनेगर ओतून ठेवलं, सकाळी पापुद्रे सुटून वर आले. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. चुना जसा किटलीत तसाच डोक्यात. नवा जाऊ द्यायचा नाही आणि जुना सोडवायचा.

आजपासून याला दूध बंद, दही बंद, अंडी बंद, पालेभाजी बंद. चहा कोरा. दोन वेळा लिंबाचं पाणी, त्यात चमचाभर व्हिनेगर. उन्हाने कॅल्शियम अंगात मुरतं असं एका अंकात आहे, म्हणून त्याच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या. दुकानात काही दिवस येऊ नको म्हटलं, टाके आहेत.

सुनेला म्हटलं, पोट बिघडलंय त्याचं, पथ्य आहे. सगळं सगळ्यांना सांगत बसलं की कामं होत नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मी नको म्हटलं तरी तो दुकानात आला. खळकाका (तीस वर्षं आमच्याकडे खळ शिजवतात, खरं नाव त्यांना तरी आठवतं की नाही देव जाणे) शेगडीशी उभे होते. सून कापडाच्या पट्ट्या कापत होती. याने विचारलं, "माझी सुरी कुठे लपवलीस?" सुरी याच्याच खिशात.

ती म्हणाली, "खिशात बघा की."

"मला खुळा समजतेस?" म्हणाला आणि शेगडीवरचं पातेलं उचलून तिच्यावर फेकलं. खळ पाण्यासारखी ओघळून जात नाही. चिकटते आणि चिकटून भाजत राहते. मान, खांदा, दंड. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास आत ओढत राहिली. खळकाकांनी पिंपातलं पाणी तिच्यावर ओतलं. मी याच्या पाठीत पुठ्ठे दाबायची लाकडी फळी घातली तेव्हा तो वळला आणि मला म्हणाला, "आई, काय झालं गं?" खरंच माहीत नसल्यासारखा.

नात दारात उभी होती. सहा वर्षांची. सारखी स्वतःभोवती फिरते म्हणून भिंगरी म्हणतो तिला. आज फिरत नव्हती.

डॉक्टरांकडे सुनेने सांगितलं, पातेलं कलंडलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मन खराब आहे. भिंगरी रोज आपल्या वाट्याचं अर्धं दूध बंद खिडकीच्या फटीतून बापाला देत होती, हे आज उघडकीला आलं. मी इकडे थेंब थेंब तोडतेय आणि ही पेले भरतेय! एक लगावली. हात जरा जोरात लागला. ओठ फुटला, एक दात पडला. दुधाचा दात होता, हलतच होता.

सुनेने तिला उचललं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू खळ मीच फेकली. म्हणाली, "आई, दुधासाठी?"

"तुला नाही कळायचं," म्हटलं.

भिंगरी हल्ली मी खोलीत आले की आईच्या मागे सरकते. वयच लाजायचं आहे.

आणखी एक. गिऱ्हाइकं मला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायला लावतात. "काय म्हणालात? पुन्हा सांगा." सगळ्यांचे कान एकदम कसे गेले? एकाच्या अंगावर त्याचा प्रबंध भिरकावला. सुया पण हल्ली भिकार येतात. दोरा ओवता ओवता जीव जातो.

२ मार्च, सोमवार

पथ्याला तीन आठवडे झाले. गुण दिसतोय! मुलाच्या ओठांना मुंग्या येतात. काल त्याच्या हाताची बोटं आपोआप आखडून चोचीसारखी झाली, पाच मिनिटं उघडेनात. घाबरला, रडला. मी बोटं चोळत म्हटलं, "अरे, क्षार सुटतोय, सुटताना त्रास व्हायचाच."

"कसला क्षार?"

"ते तू माझ्यावर सोड."

चिडचीड मात्र वाढली आहे. आज बंद खिडकीच्या काचा बुक्क्यांनी फोडल्या. मला ऊन बघायचंय, म्हणत होता. मुठीतून काचा काढताना माझाच हात इतका चुकत होता की शेवटी चिमटा सुनेने घेतला.

११ मार्च, बुधवार

डॉक्टरबाई वयाने माझ्या सुनेएवढ्या, पण ऐकून घेणाऱ्या. सगळं विचारलं. घरात आणखी कुणाला? मी यांच्याबद्दल सांगितलं, मनगटांबद्दल सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. सून खिडकीबाहेर बघत होती.

बाई म्हणाल्या, "असे डाग दिसले म्हणजे घराण्याचाच आजार असं लगेच ठरवायचं नाही. मानेत भाताच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्या बिघडल्या तरी मेंदूत असेच डाग पडतात. तसं निघालं तर औषध आहे, आणि माणूस पुष्कळ सुधारतो."

रक्त घेतलं. चार माणसांनी धरलं तेव्हा घेतलं.

१३ मार्च, शुक्रवार

फोन आला. रक्तात कॅल्शियम कमी आहे! बाई म्हणाल्या, ग्रंथींचा दोष असू शकतो, हार्मोनचा अहवाल मंगळवारी येईल, पण आशेला जागा आहे.

सून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. वर्षभरात पहिल्यांदा. मुलाने भिंगरीला खांद्यावर घेतलं. तिने त्याचे टाक्यांचे वण मोजले. "बाबा, तुमच्या डोक्याला शिलाई घातलीय, आता पानं नाही सुटायची." तो हसला. मीही हसले.

मग किटली दिसली.

रक्तात कमी. कमी कुणी केलं? मी. पण कदाचित ग्रंथींनीही केलं असेल. दोन्ही असू शकतं ना? सगळे हसत होते. मी उठले. त्याच्या लिंबूपाण्याचा पेला तेवढा मोरीत ओतला.

१७ मार्च, मंगळवार

बाईंनी अहवाल पुढे ठेवला. "ग्रंथी ठणठणीत आहेत. उलट, कॅल्शियम द्या म्हणून ओरडताहेत. ग्रंथी ओरडतात आणि शरीर ऐकत नाही असाही एक आजार असतो, त्यालाही औषध आहे. पण तसं ठरवण्याआधी सांगा, हा खातो काय? उन्हात जातो का?"

सून म्हणाली, "पोटाचं पथ्य चाललंय त्यांचं." आणि बोलता बोलता थांबली. माझ्याकडे वळली.

मी सगळं सांगितलं. दूध, अंडी, खिडक्या, व्हिनेगर. किटलीसुद्धा सांगितली. बाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं.

"पाच आठवडे, आई," सून म्हणाली. "यांची बोटं आखडत होती. तुम्ही चोळत बसलात."

मुलाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा खुर्ची उलटी पडली आणि त्याचे दोन्ही अंगठे माझ्या गळ्यावर होते. त्याचा चेहरा इतका जवळ होता की डोळ्यांतल्या लाल शिरा दिसत होत्या. मी त्याचा कान धरला आणि पिळला, फाटेपर्यंत पिळला. दोघांना सोडवायला तीन वॉर्डबॉय लागले. त्याला इंजेक्शन दिलं, गोळ्या सुरू केल्या आणि दवाखान्यातच ठेवून घेतलं. माझ्या गळ्याला पट्टा बांधला, त्याच्या कानाला चार टाके.

नंतर बाईंनी नीट समजावलं. किटलीचा आणि मेंदूचा काही संबंध नाही. हा क्षार खाण्यातून येत नाही. पेशींमध्ये फॉस्फेटची ये-जा होऊ देणारी दारं असतात, ती घडवणारी सूचना जन्मतःच चुकीची असते. फॉस्फेट तुंबतं, त्याला कॅल्शियम चिकटतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर बसतं. काही घराण्यांत दुसऱ्या सूचना चुकलेल्या असतात, पण शेवट तोच. दूध तोडून ते सुटत नाही, हाडं आणि स्नायू मात्र मरतात.

"मग सोडवायचं कशाने?"

"आज तरी कशानेच नाही. हाडांचं एक औषध थोड्या लोकांवर वापरून पाहिलंय, खात्रीने सांगण्यासारखं काही नाही. मूळ चूक दुरुस्त करायचं संशोधन चालू आहे. पण राग, संशय, झटके, कडकपणा यांच्यावर गोळ्या आहेत, आणि त्या कमी महत्त्वाच्या नाहीत, मावशी."

सुनेने विचारलं, "मुलीला?"

"अर्धी शक्यता. पण ती लहान आहे, काही त्रास नाही. आताच तपासायचं नाही. मोठी होऊन तिचं तिने ठरवू दे." मग मला म्हणाल्या, "याचे वडील हयात नाहीत. तुमचा स्कॅन काढू. या वयात तुमचा स्वच्छ आला, तर वडिलांकडून आलं असं बऱ्यापैकी धरता येईल."

मी लगेच हो म्हटलं.

२० मार्च, शुक्रवार

स्कॅन झाला. नळीत डोकं घालून पडले होते तेव्हा मी यांना माफ केलं. आधी करायचं ठरवलं नव्हतं, झालं.

सगळं आठवून आठवून केलं. मनगटं धरली, माफ. एकदा दिवसभर मला वरच्या खोलीत कोंडलं आणि स्वतः दाराबाहेर बसून राहिले, माफ. माझ्या हातातला भोकं पाडायचा टोचा हिसकावून छपरावर फेकला, माफ. त्यांच्या भुवईत टोच्याचा जुना वण होता, कामात लागलेला. त्या वणासकट माफ. बिचाऱ्याच्या डोक्यात दगड होते आणि मी तेहतीस वर्षं त्याला राक्षस म्हणत राहिले.

घरी येऊन दोन कप चहा केला आणि दोन्ही प्यायले.

मुलगा दवाखान्यातून घरी आलाय. दूध सुरू आहे, गोळ्या सुरू आहेत. माझ्याशी बोलत नाही.

२४ मार्च, मंगळवार

बाईंनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे मुलाचा, उजवीकडे दुसरा. उजवीकडे डाग जास्त होते.

मी म्हटलं, "याचा जुना आणि नवा का?"

"उजवीकडचा तुमचा आहे, मावशी."

मी म्हटलं, फोटो बदलला असेल. त्यांनी माझं नाव दाखवलं, वय दाखवलं, एकसष्ट. मग विचारलं, "हाताला कंप कधीपासून? बोलणं कधीपासून जड झालं?"

"कसला कंप? कुणाचं बोलणं?"

बाईंनी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "तीन-चार वर्षं तरी." खाली बघून म्हणाली. "आणि राग त्याच्याही आधीपासून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहेच."

बाई घाईने म्हणाल्या, "डाग दिसले म्हणून प्रत्येक राग त्यांचाच, असं मी म्हणणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही. कितीतरी जणांना डाग असून आयुष्यभर काही होत नाही."

पुढचं ऐकू आलं नाही. टेबलावरची काच फुटली होती आणि माझ्या मुठीतून रक्त येत होतं. काच पातळ होती.

पातळ नव्हती.

२५ मार्च, बुधवार

सकाळी दुकानात गेले. खळकाका मैदा चाळत होते. मी स्टूल घेऊन समोर बसले.

"काका, खरं सांगा. मालक मला मारायचे?"

त्यांनी चाळणी थांबवली नाही. "वहिनी, कशाला आता ते."

"मारायचे का?"

"हात उचललेला मी तरी नाही पाहिला." मैदा संपला तरी चाळणी हलत होती. "धरून ठेवायचे तुम्हाला. तुम्ही शांत होईपर्यंत. मग मागे जाऊन तोंड धुऊन यायचे. मला म्हणायचे, काका, जास्त जोरात धरलं का हो मी?"

"आणि भुवईवरचं?"

काकांनी चाळणी खाली ठेवली. पाणी आणायला उठले.

म्हणजे पाच दिवसांपूर्वी मी ज्याला माफ केलं, त्याने काही केलंच नव्हतं. माफी परत घ्यायची तर कुणाकडून घेऊ? आणि मागायची ती कुठे जाऊन मागू? तेहतीस वर्षं त्या माणसाने कुणाला सांगितलं नाही. मीच सगळ्यांना सांगत सुटले, बाह्या वर करून करून.

२७ मार्च, शुक्रवार

मुलाला सांगितलं. तुझ्या बापाकडून नाही, माझ्याकडून आलंय. तो गोळ्यांनी थोडा सुस्त असतो. म्हणाला, "मग निदान तुला तरी कळतं, आतून कसं होतं ते."

मी म्हटलं, "नाही रे. मला तर वाटायचं समोरचाच चुकतोय."

"मलापण," तो म्हणाला.

सुनेला म्हटलं, भिंगरीला घेऊन माहेरी जा. दोन दोन वेडी माणसं आहेत घरात. ती भाजलेल्या खांद्यावर मलम लावत होती. "जाणार होते. बॅग दोनदा भरली. पण या गोळ्यांवर दहा दिवस झाले आणि यांनी काही फेकलं नाही. तुम्हीही सुरू करा. महिनाभर बघते. पुन्हा पोरीवर हात पडला तर मागे वळून बघणार नाही. मग तो हात त्यांचा असो की तुमचा."

"मला गोळी कशाला?" मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

ती मलमाचं झाकण लावत राहिली.

गोळी घेतली. काही चव नाही.

२९ मार्च, रविवार

सुताराला बोलावलं. भिंगरीच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवायची म्हटलं. तो नेहमीच्या उंचीवर खूण करायला लागला. मी म्हटलं, "खाली. अजून खाली. तिच्या हाताला लागली पाहिजे."

"पोरं आत अडकतात हो आजी. मग दार फोडावं लागतं."

"खिडकी गल्लीतच उघडते, तिची आई तिकडून येईल. दार फोडता येऊ नये अशीच बसवा. लांब स्क्रू घाला."

त्याने सुनेकडे बघितलं. तिने मान हलवली.

बसवून झाल्यावर मी भिंगरीला शिकवलं. बाबांचा आवाज चढला की आत जायचं आणि कडी लावायची. आजीचा आवाज चढला तरी तसंच. आजी बाहेरून गोड बोलली, रडली, खाऊ देते म्हणाली, तरी उघडायची नाही. फक्त आईला उघडायची.

"आजीचा आवाज चढला हे मला कसं कळणार?" तिने विचारलं.

"तुला कळतं," मी म्हटलं. "तुला माझ्याआधी कळतं."

तिने जरा विचार केला आणि मान डोलावली. मग ती आत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला.

"आजी, आता ढकल!"

मी तळव्याने ढकललं.

"असं नाही. खरं खरं ढकल!"

मी खांदा लावला. सगळं अंग लावलं. दोन पावलं मागे जाऊन पुन्हा आदळले, खांद्यातून कळ आली तरी आदळले. मागून सुनेने "आई, पुरे" म्हटलेलं ऐकलं, तरी एकदा आदळले.

दार हललं नाही. आतून भिंगरी हसत होती.